ढिगारा कोणाच्या खर्चाने उचलायचा? दिंडोशीचा डोंगर आणि आपत्ती-मदतीची पात्रता

दरड कोसळली, भिंत पडली किंवा वस्ती जळाली की पहिले काम ढिगारा उपसण्याचे असते. ढिगाऱ्याखाली माणसे असतात, म्हणून ते काम कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. ज्या सरकारी निधीतून त्याचा खर्च भागायचा, त्याचे नियम मात्र वेगळे प्रश्न विचारतात. जागा कोणाची आहे? आपत्ती कोणत्या प्रकारची आहे? पडलेले घर अधिकृत होते का? मुंबई उपनगर जिल्ह्यातील दिंडोशी परिसरात हे तिन्ही प्रश्न एकाच उतारावर येऊन अडतात. हे नियम कसे घडत गेले याचा इतिहास तिथून पाहिला, तर त्यातली फट स्पष्ट दिसते.

दिंडोशी हे साष्टीतले जुने गाव. आज ते गोरेगाव आणि मालाडच्या पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर यांच्या मधल्या पट्ट्यात मोडते. गोरेगाव-मालाडचा हा भाग १९५७ मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला. १९७७ मध्ये शेजारी चित्रनगरी उभी राहिली. कमाल नागरी जमीनधारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेल्या जमिनीवर सामान्य माणसाला घर मिळावे, यासाठी समाजवादी नेत्या मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत लढा दिला आणि दिंडोशीत हजारो कुटुंबांची अधिकृत वसाहत उभी केली. त्याच दशकांत कुरार, आप्पापाडा, पिंपरीपाडा, आंबेडकरनगर, जांभऋषीनगर या वस्त्या डोंगराच्या दिशेने वर सरकत गेल्या. त्यांतला बराचसा भाग वनजमिनीवर आहे. एका बाजूला सोसायटीची नोंदणी, मालमत्ता पत्रक आणि कर पावती, तर दुसऱ्या बाजूला शिधापत्रिका आणि मतदार यादीतले नाव. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो. मदतीचा नियम मात्र या कागदांवरून माणसांत फरक करतो.

हा फरक इंग्रजी अमलातच रुजला. एकोणिसाव्या शतकात सरकारी मदतीचे सगळे तंत्र दुष्काळाभोवती उभे होते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता झाल्या. पूर आला, शेतात वाळू आणि दगड साचले, तर १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याखाली तगाई मिळू शकत होती. जमीन साफ करणे आणि पुरापासून तिचे रक्षण करणे ही कामे त्या कायद्याच्या ‘सुधारणा’ या व्याख्येत बसत. पण ती मदत कर्जाच्या रूपात होती, आणि ज्याच्याकडे जमीन असेल त्यालाच मिळे. शेतातला दगड हा शेतकऱ्याचा प्रश्न होता. सरकार त्यासाठी फार तर उसने पैसे देत असे.

शहरात हेच तत्त्व महापालिकेच्या कायद्यातून आले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३५४ आजही लागू आहे. कोसळण्याच्या बेतात आलेली इमारत पाडण्याची किंवा सुरक्षित करण्याची नोटीस पालिका त्याखाली मालकाला देते. मालकाने ती जुमानली नाही तर पालिका स्वतः काम करून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. ज्याची मालमत्ता, त्याचा ढिगारा, असा हा सरळ हिशेब आहे. जिथे मालकच सापडत नाही, किंवा जमीन एकाची आणि घर दुसऱ्याचे असते, तिथे तो हिशेब जुळत नाही. जुन्या मुंबईत पडक्या चाळींचा प्रश्न इतका वाढला की १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला. त्या कायद्याने आणलेला उपकर, आणि उपकर भरणाऱ्या इमारतींची सरकारी दुरुस्ती, हे सगळे शहर बेटापुरते राहिले. उपनगरांना ते लागू झाले नाही. दिंडोशीसारख्या भागाला जुन्या शहराची ती सोयही मिळाली नाही.

सरकारने ढिगाऱ्याचा सगळा भार मालकी न विचारता उचलला, असे एक मोठे उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि गोदीबरोबर आसपासची वस्तीही उद्ध्वस्त झाली. सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसण्यासाठी आठ हजार माणसे सात महिने राबली. नुकसानभरपाईसाठी त्याच वर्षी खास अध्यादेश निघाला. युद्धकाळ होता, बंदर सुरू होणे लष्कराला हवे होते, म्हणून पैशाचा प्रश्न काम अडवून बसला नाही. ढिगारा उचलण्याची निकड सरकारला स्वतःला भासली की पात्रतेचे प्रश्न मागे पडतात, हे तेव्हाच दिसले होते.

स्वातंत्र्यानंतर आपत्तीचा खर्च हळूहळू वित्त आयोगांच्या शिफारशींत बांधला गेला. दुसऱ्या वित्त आयोगापासून राज्यांना त्यासाठी ठरावीक रक्कम बाजूला काढून ठेवण्याची पद्धत पडली. नवव्या आयोगाच्या शिफारशीनुसार १९९० पासून प्रत्येक राज्यात आपत्ती मदत निधी सुरू झाला आणि त्यातील तीन चतुर्थांश वाटा केंद्राने उचलला. २००० मध्ये मोठ्या आपत्तींसाठी राष्ट्रीय पातळीवरचा आकस्मिकता निधी आला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर, २०१० पासून, या दोन निधींची जागा राज्य आपत्ती प्रतिसाद निधी आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी यांनी घेतली. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्ती टाळण्यासाठी वेगळा निधी काढला आणि एकूण रकमेचा पाचवा हिस्सा त्याला दिला.

या निधीतून कशासाठी किती पैसे द्यायचे याची सूची केंद्रीय गृह मंत्रालय ठरवते. मृतांचे वारस, जखमी, पडलेली घरे, शेती, जनावरे, मदत छावण्या अशा बाबींसोबत त्यात ‘बाधित क्षेत्राची सफाई’ ही एक बाब आहे. तिच्याखाली तीन कामे येतात : सार्वजनिक जागांतील ढिगारा हटवणे, साचलेले पुराचे पाणी उपसणे आणि मृतदेह तसेच मृत जनावरांची विल्हेवाट लावणे. ढिगाऱ्यासाठी ठरावीक दर नाही. प्रत्यक्ष आलेला खर्च मिळतो, पण काम सुरू झाल्यापासून तीस दिवसांपुरताच. राज्य निधीतून द्यायचे असेल तर गरज किती हे मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील राज्य कार्यकारी समिती ठरवते. राष्ट्रीय निधीतून द्यायचे असेल तर केंद्राचे पथक पाहणी करून ठरवते. शेतीसाठी नियम वेगळा आहे. शेतात तीन इंचांहून जास्त वाळू किंवा गाळ साचला असेल, अथवा डोंगराळ भागात शेतावर दगडमाती आली असेल, तर ती काढण्यासाठी हेक्टरी मदत मिळते. २०१५ च्या नियमांत ती १२,२०० रुपये होती, २०२२ पासून १८,००० रुपये झाली. म्हणजे खासगी जमिनीवरचा ढिगारा काढायला सरकार पैसे देतच नाही असे नाही, शेतकऱ्याला ते देते. शहरातल्या खासगी किंवा वादग्रस्त जागेवरच्या ढिगाऱ्यासाठी मात्र सूचीत शब्द नाही.

‘सार्वजनिक जागा’ या दोन शब्दांवर बरेच काही अवलंबून आहे. रस्ता, नाला, शाळेचे आवार, बाजारपेठ यांबाबत शंका येत नाही. पण वनजमिनीवरच्या वस्तीतील तीन फुटी बोळ सार्वजनिक मानायचा का? जमीन सरकारची आहे, तरी वन खात्याच्या लेखी ती वस्ती अतिक्रमण आहे आणि पालिकेच्या लेखी तिथे रस्ताच नाही. पैसे देणाऱ्या सूचीत याचे उत्तर नाही, म्हणून ते प्रत्येक दुर्घटनेनंतर नव्याने शोधावे लागते.

दुसरी अट आपत्तीच्या प्रकाराची. केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि थंडीची लाट इतक्याच आपत्ती आहेत. याखेरीज राज्याला आपल्या निधीच्या दहा टक्क्यांपर्यंतची रक्कम स्वतः ठरवलेल्या स्थानिक आपत्तींसाठी वापरता येते. महाराष्ट्राने या तरतुदीखाली अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचे उधाण आणि आकस्मिक आग यांना आपत्ती मानले आहे. अतिवृष्टी ठरण्यासाठी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस ही मोजपट्टी आहे. मुंबईच्या पावसाला ती गाठायला वेळ लागत नाही. पण पावसाने माणसाने बांधलेली भिंत पाडली, तर ती अतिवृष्टी, दरड की बांधकामातला दोष? वारसांना मिळणाऱ्या रकमेत त्या उत्तराने फारसा फरक पडत नाही, कारण मुख्यमंत्री सहायता निधी हाताशी असतो. ढिगारा, घर आणि पुनर्वसन यांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात जाणार, हे मात्र त्यावरच ठरते.

तिसरी अट सगळ्यांत जड आहे. घराच्या नुकसानीसाठी मदत हवी असेल तर ते घर अधिकृत बांधकाम असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले असावे लागते. २०२२ पासूनच्या दरांनुसार मैदानी भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये मिळतात. झोपडीला ८,००० रुपये मिळतात, त्याआधी ४,१०० मिळत. नियमातली झोपडी म्हणजे कच्च्या घराहूनही हलका, गवत, माती, प्लास्टिकचा तात्पुरता निवारा. आप्पापाड्यातली विटांच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची, पोटमाळा काढलेली खोली या व्याख्येत धड बसत नाही, आणि अधिकृत घराच्या व्याख्येतही बसत नाही.

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील वस्त्यांबाबत ही अडचण न्यायालयाच्या आदेशाने आणखी घट्ट झाली. पर्यावरणवाद्यांनी १९९५ मध्ये केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत नाव असणाऱ्या आणि ७,००० रुपये भरणाऱ्या कुटुंबांचे पुनर्वसन करायचे होते. काही हजार कुटुंबे चांदिवलीच्या इमारतींत गेली. पैसे भरूनही अनेक कुटुंबे मागे राहिली. त्यांच्याकडे पात्रतेची पावती आहे, पण घर तेच जुने, उतारावरचे. सरकारने ज्यांना हलवण्याचे कबूल केले ती माणसे त्याच जागी राहिली आणि त्या जागेला मदतीच्या नियमात स्थान मिळाले नाही. या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे.

डोंगरउतारावरची वस्ती किती धोक्यात आहे, हे मुंबईला आधीच कळून चुकले होते. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या डोंगरावर दरड कोसळून साठाहून अधिक माणसे दगावली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पुराइतकेच भयानक होते साकीनाक्याच्या टेकडीचे कोसळणे. त्या पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. नद्या, नाले आणि पर्जन्य जलवाहिन्या यांच्याकडे त्यामुळे लक्ष गेले. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून उतरणाऱ्या दहिसर, पोयसर आणि ओशिवरा नद्यांतला गाळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी काढला जातो. तो खर्च पालिकेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातला असतो. गाळ पूर येण्याआधी काढला तर नालेसफाई, आणि पुरानंतर काढला तर आपत्ती-मदत, असा हा भेद आहे. मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळाने २०१० च्या सुमारास शहरातल्या धोकादायक डोंगरांची पाहणी केली. २५ विधानसभा मतदारसंघांत ३२७ ठिकाणे आणि २२,४८३ झोपड्या धोक्यात आढळल्या. त्यांतल्या ९,६५७ झोपड्या तातडीने हलवाव्यात अशी शिफारस होती. उपाय झाला तो प्रामुख्याने संरक्षक भिंती बांधण्याचा.

१ आणि २ जुलै २०१९ च्या मधल्या रात्री दिंडोशी परिसरात भिंतच कोसळली. २ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेने ३७५.२ मिलिमीटर पाऊस नोंदवला. मालाडच्या टेकडीवरील पालिकेच्या जलाशयाभोवती काही वर्षांपूर्वीच काँक्रीटची लांबलचक संरक्षक भिंत घातली होती. डोंगरावरून वाहून येणारे पाणी तिच्यामागे तुंबले. मध्यरात्रीनंतर भिंतीचा मोठा भाग कोसळला आणि पाणी, चिखल, काँक्रीटचे तुकडे खालच्या पिंपरीपाडा आणि आंबेडकरनगर वस्तीवर आले. तीसहून अधिक माणसे गेली, शंभरावर जखमी झाली. मृतांत लहान मुले बरीच होती.

त्या रात्री आणि नंतरच्या दिवसांत अग्निशमन दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, पालिकेचे कामगार आणि वस्तीतली माणसे ढिगारा उपसत होती. अरुंद बोळांमुळे अवजड यंत्रे आत नेणे कठीण होते. बरेचसे काम हातांनी, पहारी आणि घमेली घेऊन झाले. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले. भिंतीच्या पडझडीची चौकशी झाली, पाण्याचा निचरा होण्याची सोय अपुरी असल्याचा मुद्दा पुढे आला. पण वस्तीच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा होता. पडलेली भिंत सार्वजनिक मालकीची, ढिगारा साचला तो वनजमिनीवर, आणि चिरडली गेलेली घरे अनधिकृत. मदतीचे तिन्ही निकष एकाच ढिगाऱ्यात एकमेकांविरुद्ध उभे राहिले होते.

मार्च २०२३ मध्ये आप्पापाड्यात आग लागली. सिलिंडरांचे एकामागून एक स्फोट झाले, शेकडो झोपड्या जळाल्या आणि एकाचा जीव गेला. महाराष्ट्राच्या यादीत आकस्मिक आग आहे, त्यामुळे आपत्तीचा प्रकार या वेळी वादाचा नव्हता. जळालेले पत्रे, भांडी, राख आणि विटा उचलणे हे मदतीचे काम की अतिक्रमण हटवण्याचे, हा प्रश्न मात्र वनजमिनीवर सुटत नाही. तिथे ढिगारा उचलला जाणे म्हणजे पुन्हा उभे राहण्याची जागाही हातून जाणे, अशी भीती रहिवाशांना असते. म्हणून माणसे जळक्या पत्र्यांपाशी बसून राहतात.

पंचनाम्याचीही अशीच ओढाताण आहे. तलाठी किंवा पालिकेचा कर्मचारी येऊन पाहणी करेपर्यंत ढिगारा तसाच ठेवला तर रोगराई आणि दुर्गंधी पसरते. लवकर उचलला तर नुकसानीचा पुरावा जातो. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर व्यापाऱ्यांनी भिजलेला माल रस्त्यावर आणून टाकला तेव्हा हीच अडचण होती. अलीकडच्या पुरांत मोबाईलवर काढलेली छायाचित्रे पंचनाम्यासाठी ग्राह्य धरण्याच्या सूचना सरकारने दिल्या. हा एक साधा आणि चांगला बदल आहे. ढिगारा न हलवताही पुरावा राखता येतो.

ढिगाऱ्यासाठीची तीस दिवसांची मुदत संपण्याआधीच काम थांबले, असेही महाराष्ट्रात एका ठिकाणी घडले. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. डोंगरावर यंत्रे नेण्याचा रस्ताच नव्हता. मृतदेह सापडले २७, बेपत्ता राहिले ५७. चार दिवसांनी, पाऊस आणि दुर्गंधी यांमुळे, नातेवाइकांशी बोलून शोध थांबवण्यात आला. तिथे निधीची मुदत संपली नव्हती, माणसांची ताकद संपली होती. त्या वाडीचा ढिगारा आजही डोंगरावर आहे. पुनर्वसन मात्र नव्या जागी झाले, आणि गमावलेल्या माणसांना ढिगाऱ्यातून बाहेर न काढताही मृत मानून वारसांना मदत मिळाली. सरकारला हवे असेल तर नियमाचे शब्द वाकवता येतात, याचा हा दाखला आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न कायद्याने थोडा अधिक उघडपणे हाताळला आहे. १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याखाली ढिगारा हटवणे हा सार्वजनिक मदतीतला पहिलाच वर्ग आहे आणि मान्य खर्चाचा किमान ७५ टक्के भार केंद्र सरकार उचलते. खासगी जागेवरचा ढिगारा साधारणपणे त्यात येत नाही. पण तो राहिल्याने लोकांच्या आरोग्याला किंवा जिवाला धोका असेल आणि मालकाने जागेत येण्याची लेखी संमती दिली असेल, तर तोही सरकारी खर्चाने उचलता येतो. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या आगीनंतर हजारो खासगी भूखंडांवरची राख अशाच संमतीपत्रांवर उचलली गेली. तिथला निकष मालकीवर थांबत नाही, धोक्यापर्यंत जातो. पण संमती मालकाची लागते. मालक नसलेल्या रहिवाशाला त्या व्यवस्थेतही सहज जागा मिळत नाही.

भारतात आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती झाली आणि राज्यांच्या राजधान्या तसेच महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद आली. मुंबईपुरते पाहिले तर जिल्हाधिकारी, पालिका, वन खाते आणि म्हाडा यांच्यात वाटली गेलेली जबाबदारी एका ठिकाणी आणण्याची ही संधी आहे. पैशाच्या बाबतीतही प्रत्येक वेळी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. स्वतःच्या निधीचा दहावा हिस्सा कोणत्या आपत्तीवर खर्चायचा, हे राज्य ठरवू शकते. संरक्षक भिंत कोसळणे ही त्या यादीत स्वतंत्र आपत्ती म्हणून घालता येते. ज्यांनी १९९७ च्या आदेशानंतर पैसे भरले आणि अजूनही डोंगरावरच राहतात, त्या कुटुंबांच्या घरांना राज्याच्या स्वतःच्या तिजोरीतून, अधिकृततेची अट न लावता, मदत देता येते. जिथे माणसे राहतात तो बोळ ढिगाऱ्यापुरता सार्वजनिक मानता येतो. हे तिन्ही निर्णय मंत्रालयातील एका शासन निर्णयाने होऊ शकतात, आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते व्हायला हवेत.